आवाज कमी येतो

"तुह्या घराजवळचा खांब कोनता?"

आमगावात खोली शोधत मी त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, लग्नाचंही नाही. मला वाटलं विजेचा खांब म्हणताहेत. मी सांगितलं, मी तिरोड्याकडची, चोरखमारा तलावाच्या नहराला, म्हणजे कालव्याला, लागून आमचं घर आहे, खांब काही आठवत नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि क्षणभरानं म्हणाले, "नहराची चौकी. तितं फोन होता. चौकीपासून दुसऱ्या खांबाच्या बुडाशी वारूळ. बरोबर?"

वारूळ होतं. लहानपणी आम्ही पोरं त्याला वळसा घालून शाळेत जायचो. मी हो म्हणताच ते आत वळून ओरडले, "अवो, पोरगी खरी आहे! मागची खोली दे तिले."

ओरडले असं मी लिहिते आहे, पण ते त्यांचं साधं बोलणं होतं. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून त्यांची सगळी नोकरी एका खांबावरून दुसऱ्या खांबावरच्या माणसाशी बोलण्यात गेली होती. निवृत्तीनंतरही समोरचा माणूस पन्नास हातांवर आहे असं धरूनच ते बोलत. घर रेल्वे फाटकाजवळ होतं. गाडी जाताना बाकीचे लोक बोलणं थांबवत. काकाजी थांबवत नसत आणि त्यांचं बोलणं ऐकूही येई.

मी त्यांना काकाजी म्हणे आणि त्यांच्या बायकोला काकू. मी गावातल्या एका शाळेत कंत्राटावर कॉम्प्युटर शिकवत होते, सव्वीस वर्षांची होते. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन रायपूरला होती. शेती पुतण्या पाहायचा. दोघं आपसात पोवारी ही त्यांची बोली बोलत आणि माझ्याशी मराठी. त्यांचं आपसातलं बोलणंही मी इथं मराठीतच लिहिते आहे.

काकाजी रस्त्यानं चालताना वर बघत. तारा कधीच उतरवल्या गेल्या होत्या, पुष्कळ खांब भंगारात गेले होते, तरी त्यांची मान वरच. दोनदा ते म्हशीला धडकले आणि एकदा सरपंचाला. माणसांची नावं ते विसरत, खांब विसरत नसत. "तो वळणावरच्या खांबाचा पोरगा वारला," असं सांगत घरात येत आणि काकूला बरोबर कळे कोण वारलं ते.

मोबाइल त्यांनी घरात येऊ दिला नाही. रायपूरच्या ताईनं दोनदा आणून दिला, दोन्ही वेळा परत गेला. "ज्या आवाजाले तार नाई, त्याचा दोष शोधाचा कुठं?" असं त्यांचं म्हणणं. बैठकीत जमिनीखालच्या केबलवरचा जुना फोन होता, तो अर्धा वेळ मुका असायचा. ते त्याची वायर दातानं सोलून, जोडून, फुंकून पुन्हा बोलता करत.

दोष शोधणं हेच त्यांचं वेड होतं. नळ गळो, सायकल कुरकुरो, शेजारच्या मिक्सरमधून धूर निघो, ते हातातलं जेवण टाकून जात. पण माणसाचा दोष त्यांनी कधी काढला नाही. हे मला फार उशिरा लक्षात आलं. आणि ज्या गोष्टीवरून लक्षात यायला हवं होतं, ती त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितली होती.

दरेकशाकडे डोंगरात लाइन तुटली होती. काकाजी जंगलातून पायी खांब मोजत निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांना तुटलेली जागा सापडली. तार तुटली नव्हती, कोणीतरी कापून नेली होती. थोडं आत गेल्यावर ती तार दिसली, रानडुकरासाठी फासा लावलेला होता. फाशाजवळ एक माणूस बसला होता. खात्याची तार कापली म्हणजे तुरुंग. माणूस पाया पडू लागला. त्याच्या पोरांनी दोन दिवस मोहाच्या फुलांवर काढले होते. काकाजींनी फासा सोडवला, तार गुंडाळली, ती पुन्हा जोडली आणि रिपोर्टात लिहिलं, फांदी पडून तार तुटली.

"खोटं लिहिलं?" मी विचारलं.

"खोटं कायचं? त्या जंगलात फांद्या पडतच नाईत का?" ते म्हणाले. "सगड्या नोकरीत मी एकाही मानसाचं नाव लिवलं नाई. वारा लिवला, माकड लिवलं, गंज लिवला. तारेले पोरंबारं नसते बाई."

त्यानंतर कितीतरी वर्षं उन्हाळ्यात दारात पळसाच्या पानांची पुडी यायची, चारोळीची. आणणारा कोण ते काकूनं कधी पाहिलं नाही आणि काकाजींनी कधी सांगितलं नाही.

काकूचे डोळे साखरेनं गेले होते. मी राहायला गेले तेव्हा तिला दार कुठं आणि उजेड कुठं एवढंच कळायचं. भाकरी ती हातानं चाचपून करायची, ती कधी करपली नाही. तिचं एकच मागणं असे. दुपारी काकाजींनी तिला वाचून दाखवायचं. पोथी नाही, रहस्यकथा. वाचनालयातली फाटक्या पुठ्ठ्यांची पुस्तकं, ज्यात चौथ्या पानावर मुडदा पडतो. काकू डोळे मिटून ऐके आणि विसाव्या पानाच्या आत खुनी सांगे. काकाजी वाचता वाचता भांडत. इन्स्पेक्टरला शिव्या देत. "हा टेलिफोनची वायर कापते आणि दुसऱ्या मिनिटाले त्याच फोनवर बोल्ते! लिवनाऱ्याले काई समजते का?"

एकदा शेवटचं पानच फाटलेलं निघालं. काकाजींनी न अडखळता मनानं वाचून टाकलं, की शेटजींना कोणी मारलं नव्हतं, ते न्हाणीत पाय घसरून पडले होते. काकू उठून बसली. "खोटं. डॉक्टरनं मारलं." "पुस्तकात लिवलं आहे." "पुस्तकात नाई, तुमच्या मनात लिवलं आहे. तुमी कोनालेच खुनी करत नाई." त्या दिवशी दोघं इतके हसले, की मी खोलीतून बाहेर येऊन पाहिलं.

आवाज भरून ठेवायची कल्पना काकाजींची. ते काकूपेक्षा नऊ वर्षांनी मोठे होते. एका सकाळी माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "मी आधी जाईन. मंग इले वाचून कोन दाखवन? ताईच्या जुन्या कॉम्प्युटरमधी माहा आवाज भरता येते का?"

ताईच्या कॉलेजच्या वेळचा तो कॉम्प्युटर कपाटाशेजारी चादरीखाली होता. चालू होत होता. मी गोंदियाहून एक साधा माइक आणला, टेबलावर ठेवला, जोडला. काकाजींनी अर्धा तास वाचलं. ऐकायला बसलो तर आवाज येईना. स्पीकर पूर्ण उघडला तेव्हा विहिरीच्या तळातून कोणी बोलावं तसं काहीतरी आलं. ज्या माणसाचा आवाज फाटकापलीकडे जायचा, त्याचा हा आवाज.

काकाजी खूश झाले. त्यांना दोष मिळाला होता.

"आधी तार," ते म्हणाले. तार नीट होती. पिन समोरच्या भोकात होती, मी ती मागच्या गुलाबी भोकात लावली. काही फरक पडला नाही. मग मी सेटिंग उघडून पाहिलं. कॉम्प्युटर आमच्या माइकचं ऐकतच नव्हता. तो ऐकत होता पडद्यावर बसवलेल्या जुन्या कॅमेऱ्यातल्या माइकचं. आणि त्या कॅमेऱ्यावर काकाजींनीच पहिल्या दिवशी फडकं बांधलं होतं, तो आपल्याकडे बघतो म्हणून. म्हणजे अर्धा तास त्यांनी फडक्याला गोष्ट सांगितली होती. मी सेटिंगमध्ये आमचा माइक निवडला, लेव्हल चाळीसवर होती ती ऐंशीवर नेली, बूस्ट म्हणून एक पट्टी असते ती एक घर पुढे सरकवली. "बोला," म्हटलं. ते "हॅलो" म्हणाले तशा पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्या उसळून लाल झाल्या आणि आवाज फाटला.

आता उलटी अडचण. आवाज जास्त. शेवटी बूस्ट काढला आणि त्यांची खुर्ची मागे मागे नेत भिंतीपर्यंत नेली. तिथं आवाज बरोबर बसला. त्यांनी जमिनीवर खडूनं रेघ मारली, खुर्चीचे पाय कुठं राहतील त्याची. मागे घूं असा आवाज येत होता, त्यासाठी अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून नवी अर्थिंग बसवली. घुंकार गेला. मला म्हणाले, "तू खात्यात पायजे होती बाई." माझ्या मुख्याध्यापकांनी आजवर मला इतकं चांगलं काही म्हटलं नव्हतं.

दीड वर्ष हे चाललं. दुपारी दोन ते चार. मी शाळेतून आले की त्या दिवसाची फाइल नीट करून ठेवायची. मधली भांडणं, खाकरणं, "कोन आहे बे दारात?" हे सगळं मी कापू लागले, तर काकूनं थांबवलं. "काई काढू नको. वाचनं तर कोनीही करन." म्हणून मी काही काढलं नाही. तीनच्या सुमारास एक गाडी न थांबता जायची आणि फाटकाच्या आधी लांब भोंगा द्यायची. तोही प्रत्येक फाइलमध्ये आहे.

दिवाळीनंतर काकाजी म्हणाले, "आवाज कमी येऊन राहिला. पाह्य बरं."

मी पाहिलं. खरंच कमी होता. लेव्हल मी नव्वदवर नेली. चार दिवसांनी पुन्हा तेच. शंभर केली. मग बूस्ट एक घर, मग दोन. खुर्ची खडूच्या रेघेच्या पुढे आली. काकाजींनी पिन घासली, भोकात फुंकर मारली, माइकची जाळी उघडून कापसानं पुसली. मी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. कॉम्प्युटर आपणहून लेव्हल कमी करतो का, म्हणून ती सगळी खूण केलेली घरं एकेक करून बंद केली. गोंदियाला दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला, "मॅडम, माइक ही खराब होगा, नया ले लो." नवा घेतला. दोन दिवस बरं वाटलं.

त्या दिवाळीला ताई आली नव्हती. दर रविवारी तिचा फोन यायचा. मी कधी बैठकीत असले तर काकाजींचं बोलणं कानावर पडे. "हो, माहीत आहे. आवाज कमीच येते. लाइन खराब आहे." आता लाइनमनच लाइन खराब म्हणतो म्हटल्यावर पोरगी काय बोलणार? घसा बसल्यासारखा वाटायचा हे मीही ऐकत होते. थंडी आहे, धानाच्या मळणीची धूळ आहे, असं मी मनाशी म्हणत होते. ते गुळण्या करत. वाचताना मध्ये थांबून पाणी पीत.

पौषातली गोष्ट. शनिवार होता, शाळा सकाळची. दुपारी मी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसले होते. काकाजी अंगणात लाकडं फोडत होते, काकू आत. मला एकदाचं बघायचं होतं की माइक कधीपासून बिघडला. म्हणून मी सुरुवातीच्या दिवसांतली एक फाइल उघडली आणि तिच्याखाली कालची. आवाजाची रेघ पडद्यावर दिसते, मोठ्या आवाजाला उंच, लहानाला ठेंगणी. दोन्हींत मी भोंग्याची जागा शोधली.

जुन्या फाइलमध्ये काकाजींचा आवाज डोंगरासारखा आणि शेजारी भोंग्याची बुटकी टेकडी. कालच्या फाइलमध्ये भोंगा वरच्या कडेला टेकलेला आणि काकाजींचा आवाज जमिनीसरपट. गाडी तीच. फाटकही तेच. माइक बिघडला असता तर दोन्ही आवाज बारीक झाले असते. शिवाय मधल्या काळात खुर्ची भिंतीपासून टेबलाला येऊन चिकटली होती. म्हणजे पडद्यावर दिसत होतं, त्याहून आवाज खरोखर कितीतरी जास्त उतरला होता.

मी पुन्हा पुन्हा तपासलं. आणखी दोन फाइली काढल्या, दसऱ्याची आणि दिवाळीनंतरची. एका ओळीत लावल्या. पायऱ्या उतराव्यात तसा आवाज उतरत गेला होता.

माझे मोठे मामा घशाच्या कॅन्सरनं गेले होते. त्यांचाही आधी आवाज बसला होता. आणि काकाजींनी खांबांवर बसून तीस वर्षं बिड्या ओढल्या होत्या, हे ते स्वतःच हसून सांगत.

तेवढ्यात ते आत आले. घाम पुसत खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि त्या बसक्या, घासलेल्या आवाजात म्हणाले, "सापडला का दोष?"

मी पडद्यावरच्या फाइली बंद केल्या. मी म्हणाले, "केबल असेल काकाजी. आतून तुटलेली असते, वरून दिसत नाही."

"असू शकते," ते म्हणाले. "मंग नवी आनू."

मी खोटं का बोलले, याची कारणं मी खूप शोधली. मला भीती वाटली, हे एक. खात्री नव्हती, हे दुसरं, पण ते तितकंसं खरं नाही. खरं असं आहे की दीड वर्ष मी त्या घरात दुरुस्ती करणारी होते. कॉम्प्युटर बिघडला की मला हाक यायची आणि मी ठीक करून द्यायची. काकू माझ्या ताटात दोन भाकरी जास्त टाकायची. ही बातमी मला द्यायची नव्हती. दुसऱ्या कोणीतरी द्यावी असं वाटत होतं.

केबल यायला आठ दिवस लागले. ती लावली. मग यूएसबीचा माइक मागवला, त्याला आणखी बारा दिवस. मध्ये माझ्या शाळेच्या परीक्षा आल्या. मी दर वेळी बूस्ट वाढवत राहिले आणि फाइलीत वाढलेली खरखर पुसत राहिले. काकाजी माइकला ओठ लावून वाचत. इन्स्पेक्टरशी भांडणं बंद झाली होती. काकू ऐकायला बसे, पण खुनी कोण ते सांगत नसे.

होळीला ताई आली. दारातच काकाजी तिला काहीतरी बोलले आणि तिनं हातातली बॅग खाली टाकली. "बाबा, हा आवाज कधीपासून?" ते म्हणाले, "काऊन? थंडीनं बसला." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ती त्यांना गोंदियाला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं आणि त्याच दिवशी नागपूरला पाठवलं. गाठ आवाजाच्या पेटीवर होती आणि पेटीच्या बाहेर पडली होती. पेटी काढावी लागली.

काकाजी परत आले ते गळ्याला भोक आणि त्यावर पांढरी जाळी घेऊन. त्या भोकातून ते श्वास घेत, शिट्टीसारखा आवाज येई. बोलणं संपलं होतं. ताईनं पाटी आणि पेन्सिल आणून ठेवली होती. ते पाटीवर खात्याच्या रिपोर्टासारखं लिहीत, एकेक अक्षर सुटं, शेवटी ठळक पूर्णविराम.

अडचण अशी की काकूला पाटी दिसत नव्हती.

घरात दोन माणसं. एकाला बोलता येत नाही, दुसरीला वाचता येत नाही. ताई महिनाभर राहिली, मग तिला रायपूरला जावंच लागलं. दोघांनाही ती घेऊन जाते म्हणत होती. काकाजींनी पाटीवर 'नाही.' लिहिलं आणि पाटी उलटी ठेवली. मग ते काकूच्या तळहातावर बोटानं टकटक करू लागले. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. त्यापुढचं काही सांगायचं असलं तर मी शाळेतून यायची वाट पाहावी लागे. मी आले की ते लिहीत, मी मोठ्यानं वाची, काकू उत्तर देई.

एका दुपारी त्यांनी लिहिलं, 'माइक लाव. पुस्तक अर्धं राहिलं. तू वाच.'

मी वाचायला बसले. त्यांनी स्वतः कॉम्प्युटर चालू केला, कानाला हेडफोन लावले, पडद्याकडे बघत हातानं खूण केली, थोडी मागे हो. बूस्ट काढून टाकला. मी तीन-चार पानं वाचली आणि माझ्याच्यानं पुढं होईना. पुस्तक मिटलं. काकू भिंतीला टेकून बसली होती. मी काकाजींच्या शेजारी सरकले, पाटी ओढली आणि लिहिलं, 'माइक ठीक होता. मला पौषातच कळलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही.'

त्यांनी वाचलं. मग माझी अक्षरं तळहातानं पुसली आणि खाली लिहिलं, 'मले दिवाळीतच.'

ते पुसून पुन्हा लिहिलं, 'दवाखान्यात टाकलं असतं. आवाज भरायचा होता. पुस्तकं उरली होती.'

तेही पुसलं. शेवटी लिहिलं, 'इले सांगू नको.'

"काय लिवून राहिले?" काकूनं विचारलं. तिचा चेहरा आमच्याकडेच वळलेला होता. पेन्सिलचा आवाज तिला ऐकू येत होता. "एवढं काय लिवून राहिले ते?"

मी काकाजींकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"लेव्हल थोडी वाढव म्हणतात," मी म्हणाले आणि पुढचं पान वाचू लागले.

ते पुस्तक आम्ही संपवलं. त्यानंतर आणखी एक. पावसाळा सरता सरता गाठ पुन्हा वर आली आणि या वेळी नागपूरच्या डॉक्टरांनी घरीच न्या म्हणून सांगितलं. शेवटचे दिवस ते काकूचा हात धरून पडून असत. त्यांचं बोट तिच्या तळहातावर हलत राही. एक नाही, दोन नाही, नुसतं हलत राही. धानाला लोंब्या आल्या तेव्हा ते गेले. पुतण्यानं आग दिली. पोचवायला बरेच जुने लाइनमन आले होते, ते अंगणात उभे राहून वर पाहत होते.

पुढच्या वर्षी माझं कंत्राट संपलं आणि मला गोंदियात काम मिळालं. ताई काकूला रायपूरला नेणार होती. घर बंद व्हायच्या आधी मी एकदा भेटायला गेले. सगळ्या फाइली मी एका छोट्या यंत्रात भरून दिल्या होत्या, बटण दाबलं की लागायच्या. ते तिच्या मांडीवर होतं, पण बंद होतं. ताई आत सामान बांधत होती. काकूनं मला जवळ बसवलं.

"त्या दिवशी यायनं पाटीवर काय लिवलं होतं?" तिनं विचारलं. "खरं सांग. लेव्हल वाढव एवढं सांगाले चार घडी लिवा लागत नाई."

मी सगळं सांगितलं. भोंग्याचं, केबलचं, पौषातलं. त्यांनी काय लिहून पुसलं तेही सांगितलं, शेवटचं वाक्यसुद्धा.

काकू ऐकत होती. मग म्हणाली, "दिवाळीत मीच त्यायले म्हटलं होतं. तुमचा आवाज बदलला, डाक्टरले दाखवा. तं मले म्हनाले, डोरे गेले, आता कानही गेले का तुहे? पन्नास वर्सांत कधी मले असं बोलले नव्हते. मंग मी बोललीच नाई. मले वाटलं, तू शिकलेली आहेस, रोज त्यायचा आवाज पाहून राहिली, तू सांगशीन."

"काकू, मी..."

"सांगाले पायजे होतं बाई तुनं," ती म्हणाली. रागानं नाही. मीठ कमी पडलं आहे हे सांगावं तसं. "मीनंही सांगाले पायजे होतं पोरीले. पन तुनं सांगाले पायजे होतं."

मी थांबले. जाऊ दे, तुझा काय दोष, असं काहीतरी ती म्हणेल असं मला वाटत होतं. घरातली माणसं असं म्हणतात. ती म्हणाली नाही. आतून ताईनं विचारलं, परात घ्यायची का, तर काकू म्हणाली, घे.

मी पाया पडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चाचपून केसांवरून खाली आणला. नेहमी ती त्या वेळी 'सुखी राय' म्हणायची. मी फाटकापर्यंत हळूहळू चालत गेले, मागून ती हाक मारून ते म्हणेल म्हणून. फाटक बंद होतं. मी तिथं उभी राहिले, गाडी गेली, फाटक उघडलं, आणि मी पलीकडे गेले.